त्रेसष्ट फॉर्मांवरचा नंबर

१७ फेब्रुवारी, सोमवार

कौमुदी जाणार! मी नाही!!

मीटिंगच्या शेवटी, बिस्किटांचा डबा बंद करता करता आमच्या बॉसने, अरोहाने, सांगून टाकलं. सातव्या देशाचं फील्डवर्क कौमुदी करेल, चार आठवडे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. जरा जास्तच जोरात वाजवल्या असाव्यात, कारण शेजारच्याने वळून बघितलं.

सातवा देश म्हणजे आफ्रिकेतला. आमच्या यादीत सातव्या नंबरावर. करार असा की त्याचं नाव ऑफिसबाहेर कुठे लिहायचं नाही. डायरी कोण बघणार म्हणा, पण अकरा वर्षांची सवय हाताला लागलीय.

अकरा वर्षं! वेलिंग्टनमधल्या चौथ्या मजल्यावर बसून मी आफ्रिकेतल्या एकोणीस देशांत धंदा काढायला किती दिवस लागतात, किती शिक्के लागतात, किती खिडक्या फिराव्या लागतात ते मोजतेय. सरकारने नियम सैल केले की लोक धंदे काढतात का – एवढाच आमच्या ऑफिसचा प्रश्न. सातव्या देशात पूर्वी साध्या दुकानाच्या नोंदणीला अकरा शिक्के आणि सहा आठवडे लागायचे. वर बाईमाणूस असेल तर नवऱ्याची सही! तीन वर्षांपूर्वी सुधारणा झाली. आता एक फॉर्म, ऑनलाइन, एक दिवस. नवऱ्याची सही रद्द. हे सगळं मला झोपेत उठवून विचारा, सांगेन. पण त्यातल्या एकाही खिडकीसमोर मी कधी उभी राहिलेले नाही.

पहिल्या वेळी श्रिया लहान होती. दुसऱ्या वेळी कोविड. तिसऱ्या वेळी बजेट नाही म्हणाले. आणि आता बजेट आहे तर चौदा महिन्यांपूर्वी लागलेली पोरगी चालली!

आणि तिला इथे आणलं कुणी? मीच! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत भेटली. ठाण्याची, हुशार, बोलकी. मीच तिचा सीव्ही अरोहाच्या हातात दिला. नोकरी लागली, नोकरीवर व्हिसा लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जळते मी. लिहून टाकलं. बरं वाटलं नाही.


१९ फेब्रुवारी, बुधवार

लिफ्टमध्ये कौमुदीने विचारलं, "ताई, तिकडे कॉटनचेच कपडे न्यावेत ना?"

मला काय विचारतेस बाई! मी कुठे गेलेय!

(असं म्हणाले नाही. "हो, कॉटनच ने" म्हणाले.)


५ मार्च, बुधवार

फोटो सुरू झाले. ऑफिसच्या ग्रुपवर रोज सात-आठ. कौमुदी बाजारात. कौमुदी टोमॅटोच्या ढिगामागे. कौमुदी एका जाड्या बाईच्या बाकावर बसून मक्याचं कणीस खातेय. तिथल्या बायका तिला "सिस्टर कौमुदी" म्हणतात म्हणे. चार दिवसांत सिस्टर!

मी प्रत्येक फोटोला अंगठा दिला. बदाम एकालाही नाही.


१२ मार्च, बुधवार

आज मीटिंगमध्ये अरोहाने तिची ईमेल वाचून दाखवली. उभी राहून! त्यात एक वाक्य होतं – "नोंदणी वाढली म्हणजे धंदे वाढले असं नाही. यातल्या कितीतरी बायका वीस वर्षं इथेच विकतायत, फक्त कागद आत्ता मिळालाय." अरोहा म्हणाली, धिस इज गोल्ड.

सोनं? हे सोनं?

सुधारणेनंतर सातव्या देशातल्या नोंदण्या तिप्पट झाल्या, हा माझा आकडा. अहवालातल्या माझ्या प्रकरणाचा कणाच तो. आणि नेमकी हीच शंका दोन वर्षांपूर्वीच्या अहवालात मी लिहिली होती! तळटीप क्रमांक बावीस. जुना अहवाल काढून खात्री केली. आहे. अगदी तेच. पण तळटीप कोण उभं राहून वाचतंय?

तिने सांगितलं की सोनं, मी सांगितलं की बारीक टाइप.

घरी येऊन शंतनूला सांगितलं. नवरा म्हणून त्याने बाजू घ्यावी की नाही? म्हणतो, "मग तुझंच म्हणणं खरं ठरलं की. छानच आहे." पुरुषांना समजावण्यात अर्थ नाही.


३० मार्च, रविवार – पाडवा

कौमुदी शुक्रवारी परत आली. पाडव्याला एकटी कशाला बसेल म्हणून जेवायला बोलावलं. मी बोलावलं. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

सकाळी डेकवर गुढी उभारली. जॉन्सनव्हिलचा वारा! काठीला चार केबल टाय लावले तरी तांब्या ठणाठणा वाजत होता. शेजारचे काका कुंपणावरून ओरडले, "ऑल गुड देअर?" ऑल गुड!

कौमुदी काळवंडली आहे आणि जास्त छान दिसतेय. जेवणं व्हायच्या आधीच तिने फोन टीव्हीला जोडला आणि फोटो सुरू. शंतनू चष्मा लावून पुढे सरकून बसला. माझी बजेटची स्लाइड बघायची म्हटलं की याला डुलकी येते! आणि श्रिया – चौदा वर्षांची झाल्यापासून मान वर न करणारी माझी लेक – सोफ्यावरून "दॅट्स सो कूल, कौमुदीमावशी!"

मी पुऱ्या तळायला उठले. पुऱ्यांची घाई नव्हती. आतून तुकडे ऐकू येत होते. कुणीतरी मर्सी. छत्री. लॅपटॉप. मग सगळे हसले. मी कढईत पुरी टाकली आणि चिमणीचा पंखा तीनवर केला. मग काही ऐकू आलं नाही.

श्रीखंड तिला आवडलं. दोनदा घेतलं. "ताई, तुमच्या हाताला चव आहे," म्हणाली. तेवढंच ठेवलंय आम्हाला.


२ एप्रिल, बुधवार

कौमुदीने घेतलेल्या मुलाखतींची तपासणी माझ्याकडे आली. दोनशे चाळीस फॉर्म. ती फिरून आली, मी तिचे कानेमात्रे बघायचे. बरं.


३ एप्रिल, गुरुवार

सापडलं!!

फोन नंबरचा रकाना चढत्या क्रमाने लावला. तपासणीत ही पहिली गोष्ट करायची. आमच्या धंद्यातला जुना धडा: एक नंबर दोनदा दिसला तर चूक असते, दहादा दिसला तर मुलाखत घेतलेलीच नसते. हॉटेलच्या खोलीत बसून फॉर्म भरलेले असतात, आणि नंबर सुचेना म्हणून तोच तोच.

एक नंबर त्रेसष्ट वेळा.

त्रेसष्ट! वेगवेगळ्या बायका, वेगवेगळी गावं, टोमॅटोवाली, सुकी मासळीवाली, शिवणवाली – आणि फोन सगळ्यांचा एकच. मी तीनदा मोजलं. शेवटचे आकडे ४४७. आता पूर्ण नंबर तोंडपाठ झालाय.

खरं लिहायचं तर आनंद झाला. पोटातून झाला. बराच वेळ कुणाशी बोलले नाही, हा आनंद चेहऱ्यावर दिसेल म्हणून.

नियम असा आहे की शंका आली की आधी मुलाखत घेणाऱ्याला प्रश्नपत्रक पाठवायचं. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर वर कळवायचं. प्रश्नपत्रक उघडलं. "प्रिय कौमुदी" एवढं लिहिलं. मग बंद केलं. चोराला आधी सांगायचं का, की बाई, पोलीस येतायत?


४ एप्रिल, शुक्रवार

अरोहाला सांगितलं. तिने दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत तिने दार लावलेलं मी दोनदा बघितलंय.

"आर यू शुअर, विभावरी?"

आकडे आहेत म्हटलं. आकड्यांना काय शुअर असायचंय!

करारात कलम आहे – माहितीवर संशय आला तर अठ्ठेचाळीस तासांत तिकडच्या मंत्रालयाला कळवायचं. अरोहाने पत्र लिहिलं, जोडयादी मी केली. नंबर, त्याच्यापुढे त्रेसष्ट नावं, नोंदणी क्रमांक. यादी अगदी स्वच्छ झाली. खाली "तपासणी: विभावरी" आणि तारीख, नेहमीच्या पद्धतीने.


७ एप्रिल, सोमवार

कौमुदीचं टेबल रिकामं. लॅपटॉप काढून घेतला, चौकशी होईपर्यंत घरी बसा असं पत्र दिलं. बाहेरचा तपासनीस येईपर्यंत तपशील सांगता येत नाही, म्हणून पत्रात नुसतं "माहितीच्या खरेपणाबद्दल शंका". कुणी काढली, कशावरून, काही नाही.

दुपारी तिचा फोन. रडत होती. "ताई, माझं काय चुकलं असेल हो? मी रोज आठ-आठ तास उन्हात बसून लिहिलंय. नोकरी गेली तर व्हिसा जाईल. बाबांना काय सांगू?"

मी म्हटलं, "आधी काहीतरी खाऊन घे."

ती म्हणाली, "हो ताई."


९ एप्रिल, बुधवार

आज दिवसभरात कुणी तिचं नाव काढलं नाही. फोटो नाहीत, सोनं नाही. मीटिंगमध्ये अहवालातल्या माझ्या प्रकरणावर वीस मिनिटं चर्चा झाली. पूर्ण वीस!

हेच हवं होतं ना मला? मग डबा का संपला नाही?


१३ एप्रिल, रविवार

सरळ क्रमाने लिहिते.

जेवताना शंतनूने विचारलं, त्या कौमुदीचं काय झालं, मेसेज केला तर धड उत्तर देत नाही. मला राग आला – हा तिला मेसेज का करतो! त्या रागात बोलून गेले, जे बोलायला नको होतं. म्हटलं, एकाच फोन नंबरवर त्रेसष्ट बायका दाखवल्यात तिने. मी काय डोळे मिटून सोडून द्यायचं?

शंतनूने वरणाचा चमचा खाली ठेवला. "मग? तो त्या छत्रीवालीचा नंबर असेल ना. मर्सीचा."

कोण मर्सी?

"अगं, पाडव्याला नाही का सांगत होती? नोंदणी ऑनलाइन झाली, पण बाजारातल्या बायकांकडे कुठे स्मार्टफोन? ही मर्सी नोंदणी ऑफिसबाहेर छत्रीखाली लॅपटॉप घेऊन बसते आणि सगळ्यांचे फॉर्म भरते. स्वतःचाच नंबर टाकते, म्हणजे सरकारी मेसेज तिच्याकडे येतो आणि ती निरोप देते. कागदावर तोच नंबर छापून येतो, मुलाखतीच्या फॉर्मवर तोच उतरवला जातो. आपण हसलो नाही का, की चारशे दुकानांची मालकीण म्हणून? तू कुठे होतीस?"

श्रिया म्हणाली, "शी वॉज इन द किचन, बाबा. शी वॉज इन द किचन द होल टाइम."

मी कुठे होते! पुऱ्या तळत होते मी!

आणि हे मला कळू नये? मला? माझे बाबा सासवडला कचेरीबाहेर पत्र्याच्या छपराखाली टेबल टाकून बसायचे. अर्ज लिहून द्यायचे. आत जाणाऱ्या दर दुसऱ्या कागदावर बाबांचं अक्षर असायचं, पत्ता म्हणून कैकदा आमच्याच घराचा. उत्तराचं पाकीट आमच्याकडे यायचं आणि मी सायकलवरून नेऊन द्यायची. नवीन साहेब आला की विचारायचा, हा एकच माणूस एवढ्या जमिनींचा मालक आहे काय? घरी आम्ही हसायचो.

त्या अर्जांच्या पैशांवर मी शिकले. आणि त्रेसष्ट फॉर्मांवर एक नंबर बघून मला एकच गोष्ट सुचली. चोरी. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.


१४ एप्रिल, सोमवार

अरोहाच्या दारापर्यंत गेले. ती फोनवर होती. परत आले. (थांबता आलं असतं.)


१५ एप्रिल, मंगळवार

गेले नाही.

कारणं शोधतेय आणि सापडतायत, हेच वाईट. सांगितलं तर प्रश्नपत्रक पाठवलं नाही हे बाहेर येईल. शिवाय माझ्या तिप्पट आकड्याचं काय? एकटी मर्सी शेकडो जुन्या टोमॅटोवाल्यांना कागद मिळवून देत असेल, तर माझी तिप्पट उद्योजकता म्हणजे काय उरली? कौमुदीचंच वाक्य उरलं. सोनेरी.

आणि सगळ्यात खरं कारण: ती परत आली की पुन्हा सगळे तिच्याच भोवती.


१७ एप्रिल, गुरुवार

सांगितलं. ईस्टरची सुट्टी लागायच्या आधी, अरोहा जॅकेट घालत असताना. जॅकेट अर्धं चढवलेलं तसंच राहिलं.

"तू तिला विचारलं नव्हतंस?"

"नाही."

"विचारायला किती वेळ लागला असता?"

"पाच मिनिटं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पुन्हा बसली, आम्ही दोघींनी मिळून मंत्रालयाला दुसरं पत्र लिहिलं – शंका चुकीची होती, मुलाखती खऱ्या आहेत, पहिलं पत्र रद्द समजावं. मग तिने माझ्यासमोर कौमुदीला फोन केला. पलीकडून रडणं ऐकू आलं. या वेळचं वेगळं.


२२ एप्रिल, मंगळवार

कौमुदी आली. टेबलावर कुणी मफिन ठेवले होते, कुणी फुलं. अपेक्षेप्रमाणे.

सरळ माझ्याकडे आली आणि गळ्यात पडली. "ताई, अरोहाने सांगितलं, तुम्ही शोधून काढलंत. तुम्ही नसता तर मी आत्ता बॅगा भरत असते." शंका कुणी काढली ते अरोहाने सांगितलेलं नाही. नियमात बसत नाही म्हणे.

पिशवीतून एक कापड काढलं. तिकडचं, पिवळं-निळं, मोठाल्या पानांचं. "हे तुमच्यासाठी मर्सीने निवडलंय. मी तिला सांगितलं होतं, आमच्या ताई तुमच्या देशाचं सगळं जाणतात, पण त्यांना कुणी कधी पाठवलंच नाही."

आत्ता सांगावं, असं वाटलं. तोंड उघडलं. "सुंदर आहे," म्हणाले.


२९ एप्रिल, मंगळवार

तिचा मसुदा वाचला. पहिलं प्रकरण सगळं मर्सीवर. पूर्वी नवऱ्याच्या सहीवाचून बाईचा कागद होत नव्हता, तो अडसर सुधारणेने काढला. पण खिडकी बंद करून सगळं फोनवर नेलं, तेव्हा फोन नसलेली बाई पुन्हा बाहेरच. मधल्या त्या फटीत मर्सीने छत्री लावली. ती विधवा, दोन मुलं, आधी कधी धंदा केलेला नाही. एका फॉर्मला चार अंड्यांचे पैसे घेते. गेल्या महिन्यात तिने हाताखाली एक मुलगी ठेवली. कौमुदी लिहिते: या सुधारणेतून जन्मलेला खराखुरा नवा धंदा बघायचा असेल तर तो यादीत शोधू नका, नोंदणी ऑफिसच्या दारात बघा.

चांगलं लिहिलंय. फार चांगलं लिहिलंय मेलीने! अकरा वर्षांत मला असं एक पान लिहिता आलं नाही. जळते अजून. पण आता त्या जळण्याला पूर्वीसारखी धार नाही.

मुखपृष्ठावर तिने माझं नाव आधी घातलंय. काढायला सांगितलं. ऐकत नाही.


२ मे, शुक्रवार

ठरवलं. अहवाल गेला की तिला जेवायला बोलावून सांगायचं. सगळं. पुऱ्या नाहीत, पंखा नाही, समोर बसून.


८ मे, गुरुवार

मंत्रालयाचं उत्तर आलं. प्रोजेक्टच्या पत्त्यावर, म्हणून आधी कौमुदीनेच उघडलं.

दुसऱ्या पत्राची "नोंद घेतली". कारवाई पहिल्यावर झाली. त्या नंबरवरच्या सगळ्या नोंदण्या रद्द – त्रेसष्ट नाही, चारशे बारा. नंबरवर कायमची बंदी. यापुढे प्रत्येक अर्जाला अर्जदाराचा स्वतःचा फोन लागेल. शेवटच्या ओळीत दक्षतेबद्दल आभार मानलेत. माझे, नावानिशी.

कौमुदीने वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग ऑफिसच्या फोनवर मर्सीचा नंबर दाबत बसली. स्विच्ड ऑफ. चारशे बायका शोधत असतील तर कोण चालू ठेवेल?

तिसऱ्यांदा लावताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि शेवटचे आकडे तिला दिसेनात. मी सांगितले.